व्हिडिओ चालून नाही राहिला? प्लगइन शोधायच्या आधी हे करा

मे महिन्यातली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास आमच्या नागपुरातल्या प्रतापनगरच्या काकाजींचा फोन आला. "अरे, तिकडे अमरावतीला लग्न लागून राहिलं अन् इथं व्हिडिओ प्लगइन मागून राहिला. तीनदा टाकलं बावा मी, तरी तेच!" काकाजी निवृत्त शिक्षक. गुडघ्यांमुळे प्रवास बंद, म्हणून पुतणीचं लग्न लॅपटॉपवर पाहायचं ठरलं होतं. मी पोचलो तेव्हा मंगलाष्टकांना दहा मिनिटं उरली होती. पडद्यावर मधोमध राखाडी चौकोन, त्यात हा ब्राउझर चालणार नाही अशा अर्थाची बारीक इंग्रजी ओळ आणि तिच्याखाली ठसठशीत हिरवं बटण: 'प्लेअर इन्स्टॉल करा'. ते बटण व्हिडिओचं नव्हतंच, ती जाहिरात होती. काकाजींनी तीच तीनदा दाबली होती.

त्यांचा लॅपटॉप विंडोज ७चा, दुवा उघडत होता इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. कोणीतरी कधीकाळी फायरफॉक्सही टाकून ठेवलेला सापडला. दुवा त्यात चिकटवला आणि मांडव दिसला. नवीन काहीही टाकावं लागलं नाही. उलट अक्षता पडल्यावर मी अर्धा तास बसून काकाजींनी टाकलेल्या तीन वस्तू काढत होतो.

त्यानंतर असे इतके फोन आले की एकदा सगळं लिहूनच काढावं असं वाटलं.

हे प्लगइन प्रकरण मुळात काय होतं

नव्वदच्या दशकात ब्राउझरला मजकूर आणि चित्रं एवढंच धड दाखवता यायचं. व्हिडिओ, ॲनिमेशन, खेळ यांच्यासाठी बाहेरून एक छोटा प्रोग्रॅम जोडावा लागे. तो प्लगइन. रिअलप्लेअर, क्विकटाइम, बऱ्याच पुढे आलेला सिल्व्हरलाइट आणि या सगळ्यांचा दादा फ्लॅश. बर्डीवरच्या सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने बसलेल्या पिढीच्या डोक्यात 'व्हिडिओ अडला की फ्लॅश टाका' हे पक्कं बसलं, आणि त्या काळी ते बरोबरही होतं.

मग ब्राउझर स्वतःच व्हिडिओ चालवायला शिकले. यूट्यूबने जानेवारी २०१५मध्ये फ्लॅश बाजूला सारून एचटीएमएल५ ही पद्धत मुख्य केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्रोमने जुन्या धाटणीचे प्लगइन पूर्ण बंद केले, फायरफॉक्सने मार्च २०१७मध्ये फ्लॅश वगळता बाकीचे काढले. अडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला आणि १२ जानेवारी २०२१पासून फ्लॅश प्लेअर स्वतःच काही दाखवायला नकार देऊ लागला. सिल्व्हरलाइट १२ ऑक्टोबर २०२१ला गेला, इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ला.

तेव्हा आज कुठलंही पान व्हिडिओसाठी प्लगइन मागत असेल तर बहुधा तीनांपैकी एक गोष्ट आहे. तुमचा ब्राउझर फार जुना आहे, ते पान फार जुनं आहे, किंवा कोणीतरी तुम्हाला गंडवून राहिलं आहे. चौथी एक शक्यता आहे, पण ती दुकानदारांसाठी. ती शेवटी सांगतो.

आधी तोच व्हिडिओ दुसरीकडे लावून पाहा

काही टाकू नका, कुठली सेटिंग बदलू नका. दुवा कॉपी करा आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये चिकटवा. रोज क्रोम वापरत असाल तर एजमध्ये, तो विंडोज १० आणि ११सोबत आलेलाच असतो. मग तोच दुवा फोनवर उघडा, पण वायफाय बंद करून मोबाइल डेटावर.

कुठेच चालला नाही तर दोष पानाचा. चहा घ्या, तासाभराने पाहा. एका ब्राउझरमध्ये चालला आणि दुसऱ्यात नाही, तर बिघाड त्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये आहे आणि तो बहुतेक वेळा घरीच निघतो. फोनवर चालला पण लॅपटॉपच्या दोन्ही ब्राउझरमध्ये अडला, तर लॅपटॉप किंवा घरचं नेट. आता फोनचा वायफाय चालू करून पुन्हा लावा, म्हणजे दोघांपैकी कोण ते कळेल.

व्हिडिओ सुरू होतो पण अडखळतो, तेव्हा लोक सरळ नेटवाल्याला फोन लावतात. त्याआधी यूट्यूबच्या खालची पट्टी नीट बघा. लाल रेघ म्हणजे तुम्ही पाहिलेला भाग, तिच्यापुढची फिकट रेघ म्हणजे उतरून आलेला भाग. लाल रेघ फिकट रेघेला जाऊन भिडते आणि मग गोल फिरायला लागतं, तर नेट कमी पडतंय. फिकट रेघ बरीच पुढे गेलेली आहे, तरी चित्र झटके देतंय, तर नेटवाल्याचा काही दोष नाही, तुमचा संगणक दमला आहे. खात्री हवी असेल तर चालत्या व्हिडिओवर उजवं क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. डाव्या कोपऱ्यात आकड्यांचं काळं खोकं उघडतं. त्यात 'ड्रॉप्ड फ्रेम्स'चा आकडा बघता बघता वाढत असेल, तर संगणकाला तेवढी चित्रं वेळेत काढता येत नाहीत.

नेटच कमी असेल तर चाकाच्या खुणेवर क्लिक करून दर्जा ४८०वर आणा, कीर्तनाला तेवढा पुरतो. महालातल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर राऊटर ज्या खोलीत आहे त्याच खोलीत बसा. त्या जाड भिंतींपुढे वायफायचं फारसं चालत नाही.

ब्राउझर ताजा करा

क्रोममध्ये उजवीकडे वर तीन ठिपके, त्यात 'हेल्प', त्यात 'अबाउट गूगल क्रोम'. ते पान उघडलं की क्रोम स्वतःच नवी आवृत्ती शोधून उतरवतो. नंतर 'रीलाँच' दाबायला विसरू नका. कित्येकांचा क्रोम महिनोन् महिने रीलाँचची वाट पाहत बसलेला असतो, कारण लॅपटॉप कधी बंदच होत नाही, नुसतं झाकण लावतात.

विंडोज ७ किंवा ८ असेल तर मात्र क्रोमची गाडी १०९ या आवृत्तीवर थांबली आहे. २०२३च्या सुरुवातीपासून नवी आवृत्ती त्या यंत्रांना मिळत नाही. फायरफॉक्सची ११५ ही त्यांच्यावर चालणारी शेवटची मालिका. तिच्यावर आज काम निघतं, पण अशा लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करू नका, असं मी काकाजींना स्पष्ट सांगितलं आहे. ते मान हलवतात.

एक्स्टेन्शनची झडती

प्लगइन आणि एक्स्टेन्शन यांत लोकांचा गोंधळ होतो. प्लगइन गेले, पण एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या सोयी, आहेत: जाहिराती अडवणारी, कूपन शोधणारी, पान काळं करणारी. ब्राउझरच्या गल्लीत बसलेली ही मंडळी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पानाला हात लावतात, आणि व्हिडिओ अडण्याचं आजचं सगळ्यात मोठं कारण माझ्या पाहण्यात तरी हेच आहे.

तपासायला एक मिनिट लागतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकदम दाबा, इन्कॉग्निटो विंडो उघडेल. मुद्दाम परवानगी दिली नसेल तर तिच्यात एक्स्टेन्शन चालत नाहीत, आणि जुन्या कुकी, म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी, याही नसतात. व्हिडिओ तिथे चालला तर दोष या दोघांपैकी एकाचा.

मनीषनगरच्या एका मुलीच्या क्लासचे व्हिडिओ अर्धा महिना काळे दिसत होते. आवाज येई, फळा दिसत नसे. आईला वाटे पोरगी अभ्यास टाळून राहिली. इन्कॉग्निटोत लावलं तर फळा स्वच्छ. तिच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन निघाली चौदा. अशा वेळी एकेक तपासत बसू नये. तीन ठिपके, 'एक्स्टेन्शन्स', 'मॅनेज एक्स्टेन्शन्स' असं जाऊन आम्ही सात बंद केली आणि पान पुन्हा उघडलं. अजून काळंच, म्हणजे चोर चालू असलेल्या सातांत. त्यातली निम्मी बंद, पुन्हा पाहिलं. चार फेऱ्यांत सापडलं: रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पानं काळी करणारं एक्स्टेन्शन, त्याने व्हिडिओवरही बुरखा घातला होता. ते काढलं. बाकीच्या तेरांपैकी कोणतं कशासाठी टाकलं हे तिला नऊ बाबतीत सांगता आलं नाही, तीही काढली.

सगळी एक्स्टेन्शन बंद करूनही अडत असेल तर त्या साइटचा जुना साठा पुसा. पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवर क्लिक करा, 'कुकीज अँड साइट डेटा'मध्ये जा आणि तेवढ्याच साइटचं साठवलेलं डिलीट करा. पुन्हा लॉगिन करावं लागेल, एवढंच. सगळ्या ब्राउझरचा इतिहास-कुकी एका झटक्यात साफ करायचा सल्ला लोक फार सहज देतात. मग दहा ठिकाणचे पासवर्ड आठवत बसायला ते येत नाहीत.

पैसे भरून पाहायचे सिनेमे

इथे एक छोटा तुकडा अजून लागतो, पण तो तुम्ही शोधून टाकायचा नसतो, ब्राउझर स्वतः आणतो. सिनेमा-मालिकांच्या साइट व्हिडिओ कुलूपबंद पाठवतात आणि कुलूप उघडायला वाइडव्हाइन नावाचा गूगलचा घटक वापरतात. क्रोममध्ये तो आतच असतो. फायरफॉक्समध्ये 'सेटिंग्ज', 'जनरल' इथे खाली 'प्ले डीआरएम कंट्रोल्ड कंटेंट' अशी चौकट आहे, तिच्यात खूण हवी. खूण करून मिनिटभर थांबा, तो उतरून येतो.

या कुलपामुळेच स्क्रीनशॉट घेतला की चित्राच्या जागी काळं येतं, किंवा व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवली तर समोरच्याला आवाज जातो, सिनेमा जात नाही. तो बिघाड नाही. जुन्या निळ्या व्हीजीए तारेने प्रोजेक्टर जोडून सोसायटीच्या गच्चीवर सिनेमा दाखवायचा बेत असेल, तर आदल्या दिवशी लावून पाहा. त्या तारेवर कुलपाची तपासणी होत नाही, त्यामुळे काही साइट चित्र द्यायला नकार देतात. एचडीएमआय तार घ्या.

आवाज आणि घड्याळ

आवाज नसेल तर वरच्या टॅबवर कर्ण्याची खूण खोडलेली आहे का बघा, उजवं क्लिक करून 'अनम्यूट साइट' करा. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ क्रोम २०१८पासून बहुतेक मुकेच ठेवतो, व्हिडिओवरच्या कर्ण्यावर एकदा दाबावं लागतं. आणि ब्लूटूथ बघा. एकदा आवाज शेजारच्या खोलीत उशीखाली ठेवलेल्या इअरबडमध्ये चालू होता.

जुन्या डेस्कटॉपवर कोणतंच पान धड उघडत नसेल, 'युअर क्लॉक इज बिहाइंड' असं येत असेल, तर कोपऱ्यातली तारीख पाहा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपला की वीज गेल्यावर संगणक कितीतरी वर्षं मागे जातो आणि सुरक्षित साइट त्याला दारात उभं करत नाहीत. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.

आणि मग आपला उन्हाळा

हे पुण्या-मुंबईच्या लेखांत सापडणार नाही. बहुतेक लॅपटॉप खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत असेल असं धरून बनवलेले असतात. आपल्याकडे नवतपात, म्हणजे उन्हाळ्याच्या त्या कडक नऊ दिवसांत, बाहेर ४५च्या वर पारा असतो, कूलर नसलेल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३५ म्हणजे थंडीच. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालतो, आणि मग सकाळी नीट चालणारा तोच व्हिडिओ दुपारी तीनला झटके देतो. लोक प्लगइन शोधत बसतात.

हात लावून पाहा. लॅपटॉपच्या बाजूच्या जाळीतून येणारी हवा चटका देत असेल आणि पंखा भणभणत असेल तर तोच प्रकार. गादीवर, मांडीवरच्या चादरीवर लॅपटॉप ठेवू नका, खालची जाळी बुजते. लाकडी पाटावर ठेवा, मागच्या बाजूला दोन सारख्या जाडीची पुस्तकं लावून उचला. कूलरच्या थेट झोतात मात्र नको. खसाच्या ताट्यांतून येणाऱ्या हवेत ओल असते, कधी थेंबही उडतात, आणि मी असा एक कीबोर्ड गेलेला पाहिला आहे. वर्षा-दोन वर्षांनी पंख्यातली धूळ काढून घ्या. आपल्या धुळीचा तिथे अक्षरशः नमदा बसतो.

सोबत क्रोमच्या 'सेटिंग्ज', 'सिस्टिम'मध्ये ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचं बटण पाहा. चालू असेल तर व्हिडिओचं ओझं प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिप उचलते, म्हणून ते साधारणपणे चालूच हवं. पण चित्र हिरवं-जांभळं होत असेल, फाटत असेल, किंवा आवाज चालू आणि चित्र गोठलेलं असेल, तर ते बंद करून ब्राउझर पुन्हा उघडा. बंद केल्यावर बरं झालं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, बहुधा जुना आहे. तो 'विंडोज अपडेट'मधून किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. ड्रायव्हर शोधून देणारे फुकट प्रोग्रॅम घेऊ नका.

हिरव्या बटणाची गोष्ट

'तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला', 'हा व्हिडिओ पाहण्यासाठी कोडेक टाका', 'एचडी प्लेअर उतरवा'. आज या तिन्ही वाक्यांमागे खरं काही नाही. फुकट क्रिकेट दाखवणाऱ्या चोरट्या साइटवर ती हमखास भेटतात. मी स्वतः एका सामन्याच्या शेवटच्या षटकात असं बटण दाबून बसलो आहे, मग आठवडाभर ब्राउझरचं पहिलं पान भलतंच उघडायचं. शेवटचं षटकही दिसलं नाही ते नाहीच.

दाबून झालं असेल तर 'कंट्रोल पॅनल'मध्ये 'प्रोग्रॅम्स'ची यादी तारखेप्रमाणे लावा आणि त्या दिवशी आलेलं अनोळखी सगळं काढा. फ्लॅश, सिल्व्हरलाइट अजून दिसत असतील तर तेही काढा. मग क्रोमच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' इथे जा. 'व्हिडिओ पाहण्यासाठी अलाऊ दाबा' म्हणून परवानगी मिळवलेल्या साइट तिथे रांगेने बसलेल्या दिसतील. सगळ्या हाकला. कोपऱ्यात येणाऱ्या त्या 'व्हायरस सापडला' पाट्यांचं मूळ बहुतेकदा इथेच असतं.

पूर्ण पडदा व्यापून भोंगा वाजायला लागला आणि 'या नंबरवर फोन करा' असं आलं, तर फोन करायचा नाही. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडून 'एंड टास्क' करा. कोणी फोनवर तुमचा संगणक दुरून चालवण्याचं ॲप टाकायला लावलं असेल, तर आधी नेट तोडा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३०वर फोन लावा, हा सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक आहे, आणि बँकेला कळवा.

दुकानातल्या कॅमेऱ्याचं काय

ही ती चौथी शक्यता. इतवारी-गांधीबागेतल्या कितीतरी दुकानांत सीसीटीव्हीचा जुना डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, आहे. संगणकावरून त्याचं पान उघडलं की तो खरोखरच प्लगइन मागतो, आणि इथे ती थाप नसते. त्याचं पान इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात लिहिलेलं असतं.

उपाय एजमध्ये आहे. 'सेटिंग्ज', 'डीफॉल्ट ब्राउझर' इथे साइट इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये उघडायला 'अलाऊ' करा, एज बंद करून उघडा, तिथल्याच 'इंटरनेट एक्सप्लोरर मोड पेजेस'च्या यादीत डीव्हीआरचा पत्ता घाला आणि मग ते पान उघडा. यादीतली ती नोंद मात्र ३० दिवसच टिकते. "महिनाभर चाललं अन् आपोआप बिघडलं" म्हणून जे दुकानदार चिडतात, त्यांचं कारण हे. पुन्हा नोंद करायची. प्लगइन घ्यायचा तो डीव्हीआरच्याच पानावरून किंवा कंपनीच्या साइटवरून, शोधून सापडलेल्या तिसऱ्याच ठिकाणाहून कधीच नाही. हा मोड कॅमेऱ्यासाठीच वापरा, दुसरी पानं त्यात उघडू नका. कंपनीचं मोबाइल ॲप मिळत असेल तर ही सगळी यातायात सोडून ते घ्या.

जुन्या सीडीवरच्या फ्लॅश व्हिडिओच्या फायली असतील तर त्या व्हीएलसीमध्ये उघडतात. फ्लॅशचे जुने खेळ आणि ॲनिमेशन रफल नावाच्या फुकट, खुल्या प्रोग्रॅममध्ये बरेचसे चालतात.

एवढं करूनही अडलं आणि कोणाला विचारायची वेळ आली, तर चार गोष्टी सांगा: पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा, ब्राउझरची आवृत्ती, इन्कॉग्निटोत काय झालं, आणि दुसऱ्या साइटवरचा व्हिडिओ चालतो का. संदेशाचा स्क्रीनशॉट विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून निघतो, विंडोज ७वर 'स्निपिंग टूल'ने. काकाजी अजून फोननेच लॅपटॉपचा फोटो काढतात आणि पाठवतात. त्यात संदेश कमी आणि ट्यूबलाइट जास्त दिसते, पण हिरवं बटण असलं तर तेवढं ओळखू येतं.